कलेजी दाखवल्याशिवाय शिक्का नाही



  

पशुवैद्यकांच्या या मंडळाच्या अधिवेशनात अध्यक्षाने मांस-आरोग्य क्षेत्राचा वर्षभराचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो आढावा छापील अहवालात आला आहे, आपण वाचालच. मला एकाच विषयावर बोलायचं आहे. नोकरीत असताना हा विषय काढला की तो पुढच्या बैठकीवर ढकलला जायचा. आज तो पुरता मांडल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

माझं म्हणणं असं : ज्या धडाबरोबर त्याचे स्वतःचे अवयव आलेले नाहीत, त्या धडावर पशुवैद्यकाने शिक्का मारू नये.

आपण सगळे हे पहिल्यांदा महाविद्यालयातच शिकलो. जनावराचा आजार मांडीत किंवा चापेत क्वचितच दिसतो. तो दिसतो फुप्फुसांत, कलेजीत, तिल्लीत आणि त्यांच्या लगतच्या लसिका ग्रंथींत. पित्तनलिका जाड झाल्या असतील, तर चपट्या कृमींचा संशय घ्यायचा. श्वासनलिकेजवळच्या ग्रंथी कापल्यावर आत दह्यासारखा पू निघाला, तर सगळं धड पुन्हा तपासायचं. तिल्ली फुगून काळसर, लिबलिबीत झाली असेल, तर काळपुळीच्या शंकेने सुरी तिथेच थांबवायची. हे सगळं ज्यावर लिहिलेलं असतं तेच आपल्यासमोर येत नाही. पहाटे कत्तल होते, कलेजी-गुर्दे खाणावळींकडे जातात, वजडी धुवायला जाते, मुंड्या-पाय तिसऱ्याच्या पाटीत पडतात. डॉक्टर पोचतो तेव्हा आकड्यांवर स्वच्छ धुतलेली धडं टांगलेली असतात. मग तो तपासणार काय?

काल प्रयोगशाळा महत्त्वाची की सुरी, यावर तरुण सहकाऱ्यांत जोरदार वाद झाला. औषधांचे अंश आणि जंतूंची संख्या प्रयोगशाळेशिवाय कळणार नाही, हे मला मान्य आहे. तरी एक प्रसंग सांगतो. एका तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी मेंढ्यांची धडं पाहत होतो. एक धड चांगलं भरलेलं होतं, चरबी पांढरीशुभ्र. निरोगी जनावराच्या बरगड्यांना आतून एक पातळ, चकचकीत आवरण असतं. बोट फिरवलं तर ओल्या काचेसारखं गुळगुळीत लागतं. या धडाच्या डाव्या बाजूला बोट अडखळलं. आवरण सोलून काढलेलं होतं, बरगड्यांवर सुरीच्या टोकाचे ओरखडे होते. फुप्फुस बरगडीला चिकटलेलं असतं, तेव्हाच ते आवरण कुणी सोलतं. मी फुप्फुस मागितलं. "पाटीत गेलं असेल, साहेब," असं उत्तर आलं. पाटीत वीसेक फुप्फुसं एकत्र पडली होती. त्यातल्या एकावर पिवळट जाड पापुद्रा होता आणि एक तुकडा फाटलेला होता. ते याच धडाचं होतं का? सांगायला काही मार्ग नव्हता. कशावरच क्रमांक नव्हता.

मी शिक्का मारला नाही. दुपारी वरून निरोप आला : मांस चांगलं दिसतंय, अडवू नका. मी अडवलं, आणि पुढे बदली झाली तेव्हा तक्रार केली नाही. त्या धडाच्या मांडीचा तुकडा जगातल्या उत्तम प्रयोगशाळेत पाठवला असता, तरी बरगडीवरचे ओरखडे तिथे दिसले नसते. माझ्यापुरता तो वाद त्या दिवशीच मिटला.

न पाहिलेल्या अवयवांचं पुढे काय होतं, हेही ध्यानात घ्या. फुप्फुसात किंवा कलेजीत हायडॅटिडची पाण्याने भरलेली गाठ असते. खाटीक ती कापून कत्तलखान्यामागे फेकतो, कुत्री खातात. कुत्र्याच्या आतड्यात त्याचे फीतकृमी वाढतात, विष्ठेतून अंडी पडतात आणि ती चाऱ्यावाटे मेंढराच्या, हातावाटे पोरांच्या पोटात जातात. माणसाच्या कलेजीतली तीच गाठ मग शल्यविशारदाच्या टेबलावर निघते. ही साखळी तोडण्याची जागा आपल्या हातात होती.

आता शिकारीच्या मांसाकडे येतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीवर बंधनं आली आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकार बंद झाली, त्यामुळे अशा मांसाच्या तपासणीशी आपला सहसा संबंध येत नाही. पण युरोपीय संघाचा २००४चा ८५३ क्रमांकाचा नियम विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. जंगलात हरिण पडलं की प्रशिक्षित माणसाने ते आणि त्याचे अवयव शक्य तितक्या लवकर पाहायचे. मारण्यापूर्वी ते विचित्र वागत होतं का, हेही नोंदवायचं. सारं ठीक असेल तर तारीख, वेळ, ठिकाण लिहिलेला क्रमांकित दाखला द्यायचा. असा माणूस नसेल, तर मुंडकं, तसेच पोट-आतडी सोडून बाकीचे सगळे अवयव धडाबरोबर आलेच पाहिजेत. रानडुकराचं मुंडकं आणि छातीखालचा पडदा तर दाखला असला तरी पाठवावाच लागतो, कारण ट्रायकिनेलाच्या अळ्या त्या स्नायूत सापडतात. मोठ्या शिकारीचं धड ७ अंशांच्या आत थंड करायचं. रानात गोळी लागलेल्या हरणाला एवढी विचारपूस मिळते, आणि आपल्या शहरातल्या कत्तलखान्यात, नळ-दिवे-डॉक्टर हजर असताना, बोकडाच्या कलेजीला साधी चिठ्ठी लागत नाही!

पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकराचं मांस खाऊ द्यावं, अशी मागणी होते. शेतकऱ्याचं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वन्यजीव कायद्याचं काय ते कायदेपंडित पाहतील. पशुवैद्यक म्हणून माझा प्रश्न एवढाच : रात्री बांधावर पडलेल्या डुकराचं पोट कोण उघडणार, किती तासांनी, आणि त्याचा पडदा सूक्ष्मदर्शकाखाली कोण धरणार? याचं उत्तर मिळेपर्यंत माझा त्या मागणीला विरोध राहील.

कत्तलखान्यात अवयव तपासण्याचा आग्रह धरला की मनुष्यबळ नाही, असं उत्तर मला नेहमी मिळालं. २००१च्या कत्तलखाना नियमांनी एका डॉक्टरला ताशी १२ आणि दिवसाला ९६ जनावरांची मर्यादा घातली आहे. ती मर्यादा आपल्याच संरक्षणासाठी आहे. तिच्या आड उभं राहून 'याहून जास्त पाहणार नाही' असं आपण किती जणांनी लेखी कळवलं? खाटकाला शत्रू समजू नका. मी अडवलेल्या त्या मेंढीच्या खाटकानेच मला नंतर विचारलं होतं, "साहेब, पाटीला चिठ्ठी लावा असं आम्हाला कधी कुणी सांगितलं?" त्याचं बरोबर होतं. धडाला आणि अवयवांना एकच क्रमांक, टांगायला शेजारी-शेजारी दोन आकडे, आणि शिक्का बसेपर्यंत दोन्ही जागेवर : याला फार पैसा लागत नाही.

मंडळाने यावर एक समिती नेमावी, नमुना नोंदवही तयार करावी, खाटीक बांधवांसाठी वर्ग घ्यावेत. तपशील नव्या कार्यकारिणीने ठरवावेत. उद्याच्या खुल्या अधिवेशनात मात्र मी ठराव मांडणार आहे की अवयवांशिवाय आलेल्या धडावर या मंडळाचा कोणताही सभासद शिक्का मारणार नाही. ज्यांना तो अव्यवहार्य वाटतो त्यांनी उभं राहून विरोध करावा आणि धड कशाच्या आधारावर पास करता ते सभागृहाला सांगावं. शिक्क्यावर नाव आपल्या खात्याचं असतं, आणि लोक त्याच्या भरवशावर मटण घरी नेतात.