राज्यकर्त्याचा हिशेब : राजकीय विचारांची अडीच हजार वर्षे



दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याच्याच हितासाठी जो सांभाळतो त्याला विश्वस्त म्हणतात. ठेव ठेवणाऱ्याला हिशेब मागता येतो आणि ठेव सांभाळणाऱ्याला तो द्यावा लागतो, हे पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. राज्यसत्ता हीदेखील अशीच एक ठेव आहे काय? असेल तर तिचा मालक कोण आणि हिशेब कोणी कोणाला द्यायचा? प्राचीन काळापासून आजतागायतचा राजकीय विचारांचा इतिहास पुष्कळ मार्गांनी सांगता येईल. आजच्या व्याख्यानात तो या एका प्रश्नाच्या अनुषंगाने पाहावयाचा आहे.

अथेन्सची हिशेब-तपासणी

इ. स. पूर्व पाचव्या व चौथ्या शतकात ग्रीसमधील अथेन्स या नगरराज्याने या प्रश्नाचे उत्तर व्यवहारात दिले होते. पदाची मुदत संपली की प्रत्येक अधिकाऱ्याने हिशेब सादर करावयाचा. तपासनीस दहा असत आणि त्यांची निवड चिठ्ठ्या टाकून होई. ज्याच्या हाती सार्वजनिक पैसा आलाच नाही त्यालाही 'काही घेतले नाही, काही खर्चिले नाही' असे लिहून द्यावे लागे. पुजारीही यातून सुटत नसत. हिशेब चुकता होईपर्यंत अधिकाऱ्याला देश सोडता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे, एवढेच नव्हे तर आपली मालमत्ता देवाला अर्पणही करता येत नसे. दान पुण्यकारक खरे, पण आधी हिशेब, मग दान, असा तो दंडक होता.

अर्थात अथेन्सच्या या लोकसत्तेत स्त्रिया, गुलाम व परदेशी रहिवासी यांना स्थान नव्हते. शिवाय याच लोकसत्तेने इ. स. पूर्व 399 मध्ये सॉक्रेटिसाला देहान्ताची शिक्षा दिली. त्याचा शिष्य प्लेटो याचे मन बहुमताच्या राज्यावरून उडाले. त्याने आपल्या 'रिपब्लिक' या ग्रंथात वेगळा मार्ग सुचविला. राज्य ज्ञानी माणसांच्या हाती द्यावे, त्यांना लहानपणापासून घडवावे आणि त्यांना सोनेनाणे व खासगी मालमत्ता ठेवू देऊ नये, म्हणजे मोहाचे मूळच उरणार नाही. विचार उदात्त होता, परंतु त्याचा सारा भार सज्जनतेवर होता. ज्ञानी राज्यकर्ता चुकला तर काय, या प्रश्नावर तो ग्रंथ थांबतो. उतारवयात लिहिलेल्या 'लॉज' या ग्रंथात प्लेटो स्वतःच कायद्याच्या राज्याकडे वळलेला दिसतो.

प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल अधिक व्यवहारी होता. त्याने व त्याच्या शिष्यांनी 158 राज्यांच्या घटनांची माहिती जमविली, असे परंपरा सांगते. सर्वांच्या हितासाठी चालते ते योग्य राज्य आणि राज्यकर्त्याच्या स्वतःच्या हितासाठी चालते ते विकृत राज्य, अशी कसोटी त्याने दिली. राजा एक असो वा अनेक, कसोटी हीच. सरकारी द्रव्याचे हस्तांतर सर्व नागरिकांसमक्ष व्हावे आणि हिशेबाच्या प्रती नागरिकांच्या निरनिराळ्या गटांकडे ठेवाव्यात, अशी त्याची सूचना होती. आजच्या लेखापरीक्षकालाही ती पटावी.

कौटिल्य आणि सोमदेवसूरी

भारतीय विचारात हिशेबाचे शास्त्र कमी प्रगत नव्हते. कौटिलीय 'अर्थशास्त्र' हा ग्रंथ शतकानुशतके दुर्लभ होता. म्हैसूर येथे आर. शामशास्त्री यांना त्याचे हस्तलिखित मिळाले आणि 1909 मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. राज्याचे हिशेबी वर्ष आषाढी पौर्णिमेला संपावे व त्या वेळी सर्व खात्यांचे हिशेब सादर व्हावेत, असे त्यात सांगितले आहे. सरकारी द्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार त्यात मोजून दिले आहेत. आधी वसूल झालेले मागाहून झाले असे दाखविणे, एकाकडून आलेले दुसऱ्याच्या नावे जमा धरणे, असे हे प्रकार. ज्याने वहीखाते जवळून पाहिले आहे, त्याला हा ग्रंथकार घरचाच वाटेल.

परंतु येथे हिशेब द्यायचा तो अधिकाऱ्याने राजाला. राजाने कोणाला द्यायचा? कौटिल्याचे उत्तर असे की राजाने आधी इंद्रियांवर जय मिळवावा, आणि प्रजा दरिद्री झाली की लोभी होते, लोभी झाली की विरक्त होते व विरक्त प्रजा शत्रूला जाऊन मिळते किंवा राजाचाच घात करते, हे त्याने विसरू नये. म्हणजे राजावर अंकुश दोन: एक त्याच्या मनातला संयम आणि दुसरा बंडाचे भय. या दोहोंच्या मध्ये प्रजेने शांतपणे प्रश्न विचारावा, अशी जागा नव्हती.

दहाव्या शतकात जैन आचार्य सोमदेवसूरी यांनी 'नीतिवाक्यामृत' हा 32 समुद्देशांचा सूत्रबद्ध ग्रंथ रचला. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याचा तो काळ. परभणी येथे मिळालेल्या इ. स. 966 च्या ताम्रपटात सोमदेवांचा उल्लेख आहे, त्यामुळे महाराष्ट्राला या आचार्यांविषयी विशेष जिव्हाळा वाटावा. सर्वसंगपरित्याग केलेला मुनी कोश, दुर्ग, सैन्य व अमात्य यांविषयी लिहितो, हीच मोठी अर्थपूर्ण गोष्ट आहे. ग्रंथारंभी त्यांनी वंदन केले आहे ते धर्म, अर्थ व काम यांचे फळ देणाऱ्या राज्याला. राज्य हे साधन आहे आणि त्याची किंमत त्याच्या फळावरून ठरते, असा त्यातील भाव. काम-क्रोधादी षड्रिपूंवर त्यांनी एक स्वतंत्र समुद्देश लिहिला आहे. मात्र राजाच्या संयमाची साक्ष कोणी काढायची, हा प्रश्न त्या युगात पूर्व-पश्चिम सर्वत्रच अनुत्तरित होता.

पालकत्वाची कल्पना

रोममध्ये सिसेरोने इ. स. पूर्व 44 मध्ये आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात राज्यकारभाराची तुलना अज्ञानाच्या पालकत्वाशी केली. पालकाने अज्ञान मुलाचे हित पाहावयाचे, स्वतःचे नव्हे. विश्वस्ताची कल्पना येथे स्पष्ट शब्दांत आली. दुर्दैव असे की पुढच्याच वर्षी सत्ताधाऱ्यांच्या आज्ञेने सिसेरोचा वध झाला आणि रोम सम्राटांच्या हाती गेले.

इंग्लंडमध्ये 1215 मध्ये सरदारांनी जॉन राजाकडून 'मॅग्ना कार्टा' ही सनद लिहून घेतली. काही कर सामायिक संमतीवाचून बसवू नयेत आणि राजा वचन पाळतो की नाही हे 25 सरदारांनी पाहावे, असे तिच्यात होते. पोपने त्याच वर्षी ती सनद रद्द ठरविली, तरी कल्पना मेली नाही. 1324 मध्ये पादुआच्या मार्सिलिअसने लिहिले की कायदा करण्याचा मूळ अधिकार समस्त नागरिकांचा आहे आणि मर्यादा ओलांडणाऱ्या राज्यकर्त्याला आवरण्याचा अधिकारही त्यांचाच.

हॉब्ज आणि लॉक

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये यादवी युद्ध झाले. 1649 मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. त्या अराजकाने व्यथित झालेल्या थॉमस हॉब्जने 1651 मध्ये 'लेव्हायथन' प्रसिद्ध केले. त्याचा युक्तिवाद वकिली धाटणीचा आहे. लोकांनी आपसात करार करून सत्ताधीश नेमला. सत्ताधीश त्या करारात पक्षकारच नाही, म्हणून त्याने करार मोडला असे म्हणताच येत नाही. त्याने हिशेब द्यावा तो केवळ ईश्वराला. शांतता हवी असेल तर ही किंमत मोजा, असा हॉब्जचा सांगावा होता.

जॉन लॉकने 1689 च्या अखेरीस निनावी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेगळे उत्तर दिले. सत्ता ही लोकांनी विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. विश्वासघात झाला तर ती मूळ मालकाकडे परत येते, आणि विश्वासघात झाला किंवा नाही हे ठरविणारेही लोकच. संमतीवाचून कोणाच्या मालमत्तेवर कर घेता येत नाही. एका शतकानंतर, 1789 मध्ये, फ्रान्सच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पंधराव्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक अधिकाऱ्याकडे कारभाराचा हिशेब मागण्याचा समाजाचा हक्क नोंदविला. अथेन्सचा दंडक दोन हजार वर्षांनी परत आला.

हिशेब भारताचा

या विचाराची खरी परीक्षा भारतात झाली. 1783 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात एडमंड बर्क याने मांडले की ईस्ट इंडिया कंपनीची भारतातील सत्ता ही विश्वस्ताची सत्ता आहे आणि विश्वस्त जबाबदार असलाच पाहिजे. वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग 1788 ते 1795 असा सात वर्षे चालला आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. बर्कच्या विचारात तत्त्व होते, पण हिशेब घेणारे पार्लमेंट लंडनमध्ये होते. ज्यांची ठेव होती त्या भारतीयांना तेथे स्थानच नव्हते.

पुढे स्वातंत्र्याचा थोर पुरस्कर्ता जॉन स्टुअर्ट मिल हाही याच पेचात सापडला. 1823 ते 1858 तो कंपनीच्या नोकरीत होता. स्वातंत्र्याची तत्त्वे मागासलेल्या समाजांना लागू नाहीत, असे त्याने 1859 मध्ये लिहिले. सिसेरोच्या पालकाची उपमा येथे उलटली. अज्ञान मूल सज्ञान कधी झाले हे पालकच ठरवू लागला, तर ते पालकत्व कधीच संपणार नाही.

उत्तर भारतीयांनीच दिले. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे प्रश्न ठेवला की महसूल कष्टकरी रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना, हे कसे? हा प्रश्न परक्या सरकारइतकाच स्वकीय समाजालाही होता. दादाभाई नौरोजी यांनी देशातून वाहून जाणाऱ्या संपत्तीचा आकडेवार हिशेब मांडला व 1901 मध्ये तो ग्रंथरूपाने जगापुढे ठेवला. 1897 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे लंडनमध्ये साक्ष दिली. राजनिष्ठेच्या भाषेत बोलणाऱ्या या मंडळींच्या हाती शस्त्र नव्हते. त्यांच्या हाती होते ते जमाखर्चाचे कागद. ठेवीचा मालक प्रथमच पेढीवर येऊन खतावणी मागत होता.

राज्यघटना आणि एक इशारा

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत या साऱ्या प्रवासाचे सार आहे. कलम 265 प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसविता येत नाही. कलम 148 ने नियंत्रक व महालेखापरीक्षकाचे पद निर्माण केले. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने सामान्य नागरिकालाही शासकीय कागद पाहण्याचा मार्ग मोकळा केला.

तरीही 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी गंभीर इशारा दिला होता. धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणातील भक्ती मात्र अधःपाताकडे व हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय होता. कृतज्ञता असावी, पण थोर पुरुषाच्या चरणी स्वातंत्र्य वाहू नये. प्लेटोच्या ज्ञानी राज्यकर्त्यापासून सुरू झालेल्या प्रश्नाचे हे आधुनिक उत्तर होय. माणूस कितीही मोठा असो, वही उघडी राहिली पाहिजे.

बंधू-भगिनींनो, हा इतिहास केवळ राजे आणि पार्लमेंटांचा नाही. ग्रामपंचायत, पतपेढी, शिक्षणसंस्था, देवस्थान, जेथे जेथे दहा जणांचा पैसा एकाच्या हाती येतो तेथे तेथे हाच प्रश्न उभा असतो. आपल्याकडे बहुधा अडचण येते ती भिडेची. माणूस सज्जन आहे, मग विचारायचे कसे? विचारले तर अपमान झाला असे त्याला वाटते, आणि न विचारण्यालाच आदर समजले जाते. सभेत ताळेबंद वाचला जातो, 'मंजूर' असा आवाज उठतो आणि मंडळी भोजनाकडे वळतात. अथेन्सच्या दंडकात मात्र सज्जन व दुर्जन असा भेद नव्हता. सर्वांनाच विचारले जाई, म्हणून कोणाचाच अपमान होत नसे. आणि एखाद्यावर खोटा आळ आलाच, तर तपासलेली वही हीच त्याची पहिली साक्षीदार होई.

विश्वास एका दिवसात बसत नाही आणि एकदा बसला म्हणून तो कायमचा राहत नाही. दरवर्षी हिशेब मिळतो, दरवर्षी तो पाहिला जातो, तेव्हाच तो पुढच्या वर्षाच्या वहीत शिल्लक म्हणून ओढला जातो. राज्याच्या बाबतीत हे शिकायला मानवाला अडीच हजार वर्षे लागली. आपल्या संस्थांच्या बाबतीत तेवढा वेळ लागू नये.

जय जिनेंद्र.