ख्रिस्ती श्रद्धेतील तारण : पंडिता रमाबाईंच्या निमित्ताने



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत ख्रिस्ती श्रद्धेतील समर्पणशील प्रेम आणि तारण ह्या विषयावर बोलण्याचे काम आमच्याकडे आले आहे. हा विषय धर्मशास्त्राच्या ग्रंथांतून मांडता येईल. परंतु आम्ही तो पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून मांडू इच्छितो. महाराष्ट्राबाहेर आयुष्य काढणाऱ्या आपणां सर्वांना रमाबाई परक्या नाहीत. त्यांचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला, बालपण आईवडिलांबरोबर देशभर पायी तीर्थयात्रा करण्यात गेले, आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या त्यांना १८७८ साली कलकत्त्याने दिल्या.

प्रथम शब्दाकडे वळू. सभेत बँकेतील मंडळी बरीच दिसतात. त्यांना ‘तारण’ म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू. मराठी ख्रिस्ती बांधव मात्र उद्धाराला तारण म्हणतात. हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. नव्या करारात उद्धारासाठी येणारा एक ग्रीक शब्द तरी बाजारातलाच आहे: गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडविण्यासाठी भरावयाची खंडणी. ज्याला स्वतःची किंमत भरता येत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याने ती भरली, हे ह्या श्रद्धेचे मर्म होय. ती किंमत म्हणजे वधस्तंभावरील मरण. ती कोणाला चुकती केली, ह्यावर पंडितांनी शतकानुशतके वाद घातले. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने त्याचा हिशेब देवाच्या न्यायाच्या भाषेत मांडला. पुढच्याच शतकात अबेलार्ड म्हणाला की, ते मरण माणसाच्या अंतःकरणात प्रीती जागी करते. आमच्या मते पहिली मांडणी नेटकी असली तरी तिला सावकारी वहीचा वास येतो.

रमाबाई ह्या वादातून ख्रिस्ताकडे गेल्या नाहीत. दुष्काळात आईवडील आणि बहीण, पुढे भाऊ, आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी, असे एकेक जण गेल्यावर लहानग्या मनोरमेला घेऊन १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या भगिनीमंडळाने त्यांना लंडनजवळील फुलम येथे चालविलेले काम दाखविले. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रिया तेथे आश्रयाला येत. आणि त्यांतल्याच काही जणी आता आजाऱ्यांची, दुबळ्यांची शुश्रूषा करण्यात आयुष्य वेचीत होत्या. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या रमाबाईंना हे नवीन होते. अशा स्त्रीला प्रायश्चित्त सांगणारे त्यांना ठाऊक होते. तिच्याकडे आपण होऊन जाणारे ठाऊक नव्हते. ह्याचे कारण काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. विहिरीवर भर दुपारी आलेल्या, पाच नवरे झालेल्या त्या बाईशी येशू स्वतः पाणी मागून बोलणे काढतो. ती सुधारली म्हणून तो बोलला नाही; तो बोलला, मग तिचे पुढचे घडले.

हा क्रम विलक्षण आहे. आपल्या अंगी मुरलेली कल्पना अशी की, आधी पात्रता, मग फळ. (आपल्या संतांनी अपात्राला कवटाळणारा विठोबा गायिला, हे आम्ही विसरत नाही; म्हणूनच मराठी मनाला ही गोष्ट अगदी अनोळखी वाटू नये.) स्वतः रमाबाईंनाही ती उमजण्यास वेळ लागला. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला; परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला तो आठ वर्षांनी, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. मधल्या काळात त्या तत्त्वे पारखीत होत्या, इंग्लंडमधल्या आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून हुज्जत घालीत होत्या.

धर्मांतरामुळे महाराष्ट्र दुभंगला. १८८९ साली मुंबईत उघडलेल्या शारदासदनावर पुण्यात गदारोळ उठला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. विरोधकांची शंका सर्वस्वी निराधार होती असेही आम्ही म्हणणार नाही.

आम्हांला पुढचे पाहावयाचे आहे. १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतात दुष्काळ पडला. उपासमार म्हणजे काय हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्या तेथे गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या, सडू लागलेल्या, कोणी विकावयास निघालेल्या मुली व विधवा घेऊन आल्या. ह्या मुली काही परत देऊ शकतील असा प्रश्नच नव्हता. कित्येक तर वाटेत किंवा आल्यावर दगावल्या. केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी जे वसले त्याला रमाबाईंनी नाव दिले ‘मुक्ती’. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे हा त्या शब्दाचा आपल्या परंपरेतील अर्थ. केडगावात त्याला भाकरी, अंथरूण, साक्षरता आणि हातातला उद्योग हेही अर्थ जोडले गेले. तेथेच समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रियांसाठी वेगळे घर निघाले, त्याचे नाव ‘कृपासदन’. फुलमला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंनी असे मराठीत दिले.

अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरविले. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईही गेल्या. अनुवाद १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याचे खिळे जुळविले ते मुक्तीच्या छापखान्यात, तेथेच अक्षर ओळखावयास शिकलेल्या मुलींनी.