स्वतःचे संकेतस्थळ : नाव, जागा आणि मजकूर

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे चाललेल्या मराठी शाळेचा इतिहास सहसा तीन ठिकाणी विखुरलेला असतो : कार्यालयातील कपाटात, माजी विद्यार्थ्यांच्या घरच्या अल्बमांत आणि निवृत्त शिक्षकांच्या स्मरणात. अलीकडे त्यांत मोबाइलवरील गटांची भर पडली आहे. स्नेहसंमेलनाचे एखादे जुने छायाचित्र तिथे सकाळी येते, दिवसभर त्याचे कौतुक होते आणि आठवड्याभरात ते सणावारांच्या शुभेच्छांखाली गाडले जाते. गटाबाहेरच्या माणसाला तर ते कधी दिसतच नाही.

शिवाय परक्या जागेत ठेवलेला ठेवा किती काळ राहील, हे ठेवणाऱ्याच्या हाती नसते. ‘जिओसिटीज’वर हौशी मंडळींनी असंख्य पाने उभारली होती, ‘याहू’ने २००९ मध्ये बहुतेक देशांत ती सेवा थांबवली. भारतात अतिशय लोकप्रिय असलेले ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ज्यांनी स्वतःकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांच्या दृष्टीने त्या आठवणी तिथेच संपल्या. शाळेला स्वतःचे संकेतस्थळ हवे ते यासाठी.

मुळात वेबचा जन्मही अशाच गरजेतून झाला. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत, काही काळ काम करीत आणि निघून जात. त्यांच्याबरोबर त्यांनी जमवलेली माहितीही हरवत असे. मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी यावर एक योजना मांडली : प्रत्येक कागदपत्राला पत्ता द्यावा आणि एकातून दुसऱ्याकडे जाणारे दुवे जोडावेत. ३० एप्रिल १९९३ रोजी ‘सर्न’ने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

इंटरनेट आणि वेब यांत फरक आहे. इंटरनेट म्हणजे संगणकांना जोडणारे रस्ते. वेब ही त्या रस्त्यांवरून होणारी एक वाहतूक. ईमेल ही दुसरी. वाचक ब्राउझरमध्ये पत्ता लिहितो, तेव्हा ब्राउझर प्रथम त्या नावामागचा क्रमांक विचारतो. नावावरून क्रमांक सांगणाऱ्या या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. क्रमांक मिळाला की त्या ठिकाणच्या सर्व्हरकडे, म्हणजे सतत चालू असलेल्या संगणकाकडे, पानाची मागणी जाते. सर्व्हर पानाचे लहान लहान तुकडे करून पाठवतो आणि वाचकाच्या यंत्रावर ते पुन्हा जुळवले जातात. हे सारे बहुधा एखाद्या सेकंदात घडते.

यावरून संकेतस्थळाला काय लागते तेही स्पष्ट होते : नाव, जागा आणि मजकूर.

नाव, म्हणजे डोमेन, विकत मिळत नाही. ते भाड्याने घ्यावे लागते. सहसा एक ते दहा वर्षांपर्यंतचे शुल्क आगाऊ भरता येते. मुदत उलटली आणि नूतनीकरण झाले नाही, तर तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. म्हणून ते उत्साही स्वयंसेवकाच्या नावावर न घेता संस्थेच्या नावावर घ्यावे. नूतनीकरणाची तारीख आणि परवलीचा शब्द कोणाकडे आहे याची नोंद कार्यालयात असावी. २०१४ पासून ‘.भारत’ ही देवनागरी अखेर उपलब्ध आहे; शाळेचे नाव पत्त्यातही मराठीतच लिहिता येते.

जागा म्हणजे सर्व्हरवरील साठा. साध्या पानांसाठी तो अल्प भाड्यात मिळतो. ‘गिटहब पेजेस’सारख्या सेवेवर विनामूल्यही मिळतो. जागा बदलली तरी चालते. नाव आणि मजकुराची प्रत शाळेकडे असेल, तर पाने एका दिवसात दुसरीकडे हलवता येतात.

राहिला मजकूर. पान एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहिले जाते. शीर्षकाला एक खूण, परिच्छेदाला दुसरी, दुव्याला तिसरी. मुद्रितशोधक जसा समासात खुणा करतो, तसाच हा प्रकार. संगणकावरील साध्या नोंदवहीत एक पान लिहून ते ब्राउझरमध्ये उघडले, की इंटरनेट नसतानाही ते दिसते. आठवीतील मूल एका दुपारी इतके शिकू शकते.

मराठीसाठी मात्र एक पथ्य आवश्यक आहे. पूर्वी प्रत्येक फाँटची अक्षररचना वेगळी असे. तो फाँट नसला की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोडने प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला. ‘म’चा क्रमांक २३५०, मग संगणक कोणताही असो. म्हणून जुने अहवाल युनिकोडमध्ये पुन्हा टंकित करावेत. नुसते छायाचित्र चढवले, तर त्यातील शब्द शोधयंत्राला नीट सापडतीलच असे नाही. पानाची भाषा मराठी असल्याचेही खुणेने सांगावे. त्यामुळे दृष्टिहीन वाचकाला पान वाचून दाखवणारे यंत्र योग्य उच्चार निवडू शकते.

आज शिकणाऱ्या मुलांची नावे आणि छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून देऊ नयेत, हेही तितकेच महत्त्वाचे.

परप्रांतात मराठी शाळा चालवणे म्हणजे दरवर्षी पुरेशी मुले मिळतील का, या चिंतेसह जगणे. नव्याने शहरात आलेले कुटुंब शाळा शोधू लागते तेव्हा ही शाळा त्यांना दिसलीच नाही, तर तिची साठ वर्षांची पुण्याई त्यांच्यापर्यंत पोहोचणार कशी?

आरंभ लहान असला तरी चालेल. एका पानावर शाळेचे नाव, स्थापनेचे वर्ष, पहिल्या शिक्षकांची नावे, प्रवेशाची माहिती आणि संपर्काचा पत्ता, एवढे पुरे. पुढे दर महिन्याला एका माजी विद्यार्थ्याने एक आठवण लिहावी आणि एका विद्यार्थ्याने ती पानावर चढवावी. हीरक महोत्सवाचा मांडव उतरल्यावरही चालू ठेवता येईल, असे हे काम आहे.