वायूच्या आडोशानें सांधणें

भोरहून वरंध घाटाच्या वाटेनें निघालें, कीं नीरा-देवघर धरणाचें पाणी सोबत करूं लागतें आणि पुढें हिर्डोशी लागतें. पावसाळ्यांत येथें वारा-पावसाचेंच राज्य असतें. पत्र्याची शेड उभारावयाची असो वा ट्रॉलीचा मोडलेला दांडा जोडावयाचा असो, वेल्डिंग करणाऱ्या कारागिरावांचून अशा गांवाचें चालत नाहीं.

वायूच्या आवरणाखालीं अखंड तार वितळवून सांधण्याची रीत १९४८ सालीं अमेरिकेंतील बॅटल संस्थेंत सिद्ध झाली. १९५३ मध्यें कार्बन डायॉक्साइड हा स्वस्त वायु तींत वापरांत आला. म्हणून कारागीर तिला ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात. वितळलेल्या लोखंडास हवा लागली, तर जोड सच्छिद्र होतो. ती हवा थोपविणें हें या वायूचें काम.

यंत्र मांडतांना सिलिंडर उभा ठेवून साखळीनें बांधावा. तो कोसळून झडप मोडल्यास तोफगोळ्यासारखा सुटतो. झडप सावकाश उघडावी आणि उघडतांना बाजूस उभें राहावें. बाहेर पडतांना हा वायु फार थंड होतो, म्हणून रेग्युलेटरास हीटर जोडावा. रोलरची खांच व गनची टीप तारेच्या जाडीशीं जुळावी. भरीव तारेसाठीं गन धन टोकास जोडावी आणि अर्थिंगचा चिमटा घासलेल्या लोखंडावर लावावा. तार सरकवितांना गनचें तोंड चेहऱ्याकडे वा हाताकडे नसावें. ती तार तळहात भोंसकूं शकते.

हिर्डोशीसारख्या ठिकाणीं खरी अडचण वाऱ्याची. वायु साधारणतः मिनिटास १० ते १५ लिटर पुरतो. वारा आला, कीं तो उडून जातो. अशा वेळीं वायु वाढविण्याचा मोह होतो. परंतु अतिवेगानें सोडलेला वायु भोंवरे करून हवेसच आंत ओढतो. त्यापेक्षां आडोसा करावा, अथवा उघड्यावर साध्या रॉडनेंच काम करावें.

मात्र आडोसा करतांना कोंडमारा होऊं देऊं नये. कार्बन डायॉक्साइड हवेच्या सुमारें दीडपट जड असून त्यास वास नाहीं. पाण्याच्या टाकींत वा खड्ड्यांत तो तळाशीं सांचतो आणि कारागिरास कळण्यापूर्वींच त्याची शुद्ध हरपते. अशा जागीं हवा खेळविणारा पंखा आणि बाहेर राखणीस माणूस असल्यावांचून उतरूं नये. जस्ताच्या मुलाम्याच्या पत्र्याचा धूर तर रात्रीं थंडीताप आणतो. जोडाजवळील मुलामा आधीं काढावा.

ओल्या जमिनीवर उभें राहून काम करूं नये; पायाखालीं कोरडी फळी व हातांत कोरडे चामडी मोजे असावेत. काळ्या कांचेचा मुखवटा स्वतःस हवाच. जवळ उभ्या मुलांसही ज्योतीकडे पाहूं देऊं नये. पेंढा व वाळलेलें गवत पस्तीस फूट दूर हलवावें. काम संपल्यावर झडप बंद करून वीज तोडावी, आणि एखादी ठिणगी धुमसत नाहीं ना, यावर अर्धा तास लक्ष ठेवूनच शेडचें दार लावावें.