हिला कशाला?



गेली वीस-बावीस वर्षं मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्रोग्राममधली चूक शोधायची, हे माझं रोजचं काम. आज मात्र माझीच एक जुनी चूक सांगायला उभी राहिले आहे.

आठवीत आपल्यातल्या एकीनं संस्कृत घेतलं. धडगावकडच्या पाड्यावरून आलेली, वसतिगृहात राहणारी, घरी पावरी बोलणारी. पहिल्याच तासाला कुणीतरी म्हणालं, "हिला कशाला संस्कृत?" सगळा वर्ग हसला. मीही हसले.

गेल्या वर्षी कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' वाचलं आणि ते हसणं आठवलं. पुस्तक १९८१ चं. नागपूरच्या महार कुटुंबातली मुलगी संस्कृत शिकते. ज्यांच्या कर्मठपणाची तिला धास्ती वाटत होती, ते गोखले गुरुजीच तिला मनापासून शिकवतात. ती एम.ए. होते, पण नोकरी मिळत नाही. आंतरजातीय लग्नानंतर 'सोमकुवर'ची 'पावडे' होते, तेव्हा कुठे नेमणूक होते. याचं श्रेय नव्या आडनावाचं, माहेरची जात उपेक्षितच राहिली, हे त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

त्याच १९८१ मध्ये अमेरिकेत बेल हूक्स या कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिकेचं 'एन्ट आय अ वुमन' आलं. तेव्हा त्यांची पीएच.डी. व्हायची होती. ती १९८३ मध्ये झाली, टोनी मॉरिसन यांच्या लेखनावर. तिथे वर्ण, इथे जात, पण "हिला कशाला?" हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

आपली ती मैत्रीण आता शिक्षिका आहे आणि या वयात पीएच.डी. करते आहे, पावरी लग्नगीतांवर. शाळा आणि घर सांभाळून, सुट्टीत पाड्यापाड्यांवर जाऊन म्हाताऱ्या बायांकडून गाणी लिहून घेते. मी फोन करून तिची माफी मागितली. ती म्हणाली, "हसलेलं आठवतं गं, पण कोण कोण हसलं ते नाही आठवत. दुसऱ्या दिवशी सरांनी मला पहिल्या बाकावर बसवलं, ते मात्र आठवतं."

सर, तुम्ही समोर बसला आहात. आम्हाला तेव्हा वाटलं होतं, तिला फळा दिसत नसेल.

तिच्या वह्यांतली गाणी संगणकावर उतरवायचं काम मी घेतलंय. मला पावरी येत नाही. ओळीओळीला तिला विचारावं लागतं. ती न कंटाळता सांगते, आणि एकदाही हसत नाही.