मोटारीचें स्टिअरिंग आणि मालकाचा खिसा

मोटार एका बाजूस ओढूं लागली कीं मालकाच्या मनांत पहिला संशय येतो तो स्टिअरिंगचा. आणि गॅरेजवाल्यानें दुजोरा दिला कीं मोठ्या खर्चास तोंड फुटतें. वास्तविक आधीं पुढच्या दोन्ही टायरांतील हवा मोजावी. ती योग्य असल्यास तीं चाकें तात्पुरतीं आपसांत बदलून पाहावीं. ओढ दुसऱ्या बाजूस गेली, तर दोष टायरचा. एकच चाक अधिक तापत असेल, तर ब्रेक अडकत असावा. मात्र स्टिअरिंग फिरवूनही चाकें उशिरा वळत असतील, तर सांधे झिजल्याचा संभव असतो. तेथें काटकसर म्हणजे जिवाशीं खेळ. गाडी जागेवरच ठेवून मेकॅनिकला बोलवावें, खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, बदललेला भाग परत मागावा. तपासणीची मजुरी मात्र आनंदानें द्यावी. नवा भाग नाहक बसविण्यापेक्षां ती पुष्कळच स्वस्त पडते.