हंड्याने मोजलेला कारभार



एका पाड्यावरच्या ग्रामसभेत मी मागे बसलो होतो. ग्रामसेवकांनी अहवाल वाचला : नळयोजना पूर्ण, खर्च पूर्ण. एक आजी उठल्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब, नळ आला, पाणी कधी येणार? आम्ही अजून झऱ्यावरच जातो."

कागदावर काम शंभर टक्के, हंड्यात थेंब नाही. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात पंचायतीला योजनांवरील खर्चाचे प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावे लागते. आमच्या कार्यकर्त्याने ते कलम मोठ्याने वाचले. सभेने ठरवले, पाणी येईपर्यंत प्रमाणपत्र नाही.

पाणी अजून आलेले नाही. पण दुरुस्तीची तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव इतिवृत्तात लिहिले गेले. पाड्याने हे प्रथमच मागितले.

लूकच्या शुभवर्तमानातला धनी कारभाऱ्याकडे हिशेब मागतो. इथे धनी म्हणजे त्या आजी. उद्या त्या आपल्या मिशनच्या कामाचाही हिशेब विचारतील. तो आपण आनंदाने द्यावा. तुमच्या देणगीचे माप आपल्या अहवालात नाही, त्यांच्या हंड्यात आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा.